पाव मिलिमीटरचा हिशेब

पायरिया म्हणजे काय, हे हिंगोलीत कुणाला समजावून सांगावं लागत नाही. ब्रश करताना रक्त येतं, तोंडाला वास येतो, ज्वारीची भाकरी चावताना एका बाजूला जपावं लागतं, पुढे दात जिभेनंही हलायला लागतो आणि ‘काढूनच टाका’ म्हणत माणूस दवाखान्यात येतो. मला इथं लिहायचं आहे ते त्या टोकाला जाण्याआधी सावरलेल्या लोकांविषयी. यांच्या हिरडीच्या वरचं आणि खालचं कीटण काढून झालेलं असतं, सूज उतरलेली असते, आणि आता ठरावीक काळानं येऊन तपासणी आणि सफाई करून घेणं एवढंच उरलेलं असतं. आम्ही डेंटिस्ट त्यांना देखभालीवरचे रुग्ण म्हणतो. सगळं तोंड शांत झालं तरी यांच्यात बहुधा एखाद-दोन जागा हट्टी निघतात. दाढेच्या मागच्या अंगाला, दोन मुळांच्या दुभाजकापाशी, पाच-सहा मिलिमीटरचं पॉकेट, म्हणजे हिरडी आणि दाताच्या मधली खोल फट, उरतंच. या पॉकेटात अँटिबायोटिकचं जेल, पूड किंवा धागा भरून ठेवावा की नाही, हा माझ्या कामातला नेहमीचा प्रश्न आहे. अनेक वर्षं हिरड्यांचंच काम करून आणि त्यावरचं संशोधन वाचून माझं मत असं झालंय की हे औषध वाईट नाही. पण जो रुग्ण नियमित येतो त्याला त्याची गरज क्वचितच पडते, आणि जो येत नाही त्याला त्याचा उपयोग जवळपास होत नाही.

औषधामागची कल्पना मात्र सुरेख आहे, हे आधी मान्य करायला हवं. तोंडातल्या एका कोपऱ्यातल्या जंतूंसाठी पोटात गोळी घ्यायची म्हणजे सगळ्या अंगाला औषध पाजायचं. त्यापेक्षा जिथं जंतू तिथंच औषध का ठेवू नये? अमेरिकेतले मॅक्स गुडसन यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस टेट्रासायक्लिन भरलेले बारीक धागे पॉकेटात ठेवून पाहिले, आणि तिथून हा सगळा प्रकार सुरू झाला. अडचण एकच होती. हिरडीच्या फटीतून सतत एक पातळ स्राव झिरपत असतो, आणि पाच मिलिमीटरच्या पॉकेटातला स्राव तासाभरात सुमारे ४० वेळा बदलतो. त्यामुळे साधं औषध सोडलं तर ते काही मिनिटांत वाहून जातं. म्हणून हळूहळू सुटेल असं औषध बनवावं लागलं. पुढे १० टक्के डॉक्सिसायक्लिनचं जेल आलं, ते पॉकेटात शिरल्यावर घट्ट होतं. मिनोसायक्लिनची बारीक पूड आली, तिच्यात एका जागेसाठी फक्त १ मिलिग्रॅम औषध असतं. आपल्याकडे कोलॅजेनमध्ये मुरवलेले टेट्रासायक्लिनचे धागे मिळतात. कापसाच्या पिंजलेल्या तंतूसारखे दिसणारे हे धागे चिमट्यानं उचलून पॉकेटात दाबून बसवायचे असतात. ओल लागली की ते चिकटायला लागतात, त्यामुळे हात झटपट चालवावा लागतो. क्लोरहेक्झिडिनची इवलीशी चकतीही मिळते, पण ते जंतुनाशक आहे, अँटिबायोटिक नाही. यातलं कुठलंही औषध साधारण आठवडा ते दोन आठवडे काम करतं. हा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण पुढचा सगळा वाद त्याच्याभोवती फिरतो.

आता पुरावा. मिनोसायक्लिनच्या पुडीला अमेरिकेत २००१ साली मान्यता मिळाली. तिच्या मुख्य चाचणीत ७४८ रुग्ण होते. नुसती मुळांची सफाई केलेल्यांची पॉकेटं नऊ महिन्यांनी सरासरी १.०८ मिलिमीटरनं कमी झाली, आणि सफाईबरोबर पूड ठेवलेल्यांची १.३२ मिलिमीटरनं. फरक ०.२४ मिलिमीटरचा, म्हणजे पाव मिलिमीटरही नाही. हा फरक योगायोगाचा नाही हे संख्याशास्त्रानं दाखवलं, आणि ते मला मान्य आहे. पण खुर्चीवर बसलेल्या एका माणसाच्या तोंडात पाव मिलिमीटर दिसतो कसा, हे पाहा. पॉकेट मोजायची आमची सळई म्हणजे प्रोब. तिचं टोक बोथट असतं आणि दांड्यावर आडव्या रेघा कोरलेल्या असतात. दवाखान्यांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या विल्यम्स प्रोबवर १, २, ३, ५, ७, ८, ९ आणि १० अशा खुणा असतात. वाचताना गोंधळ होऊ नये म्हणून ४ आणि ६ गाळलेले आहेत. ही सळई हिरडी आणि दाताच्या मधून हलकेच खाली न्यायची, टेकली की थांबायचं, आणि हिरडीच्या कडेशी कोणती रेघ आली ते वाचायचं. त्याच जागी तोच डेंटिस्ट दहा मिनिटांनी पुन्हा मोजायला गेला तर एखाद्या मिलिमीटरचा फरक सहज पडतो. जोर थोडा जास्त लागला, सळई थोडी तिरकी गेली, एवढंही त्याला पुरतं. म्हणजे ज्या फायद्यासाठी रुग्णानं पैसे मोजायचे तो आमच्या मोजपट्टीच्या चुकीच्या चौथ्या भागाइतका आहे. शेकडो रुग्णांच्या सरासरीत तो खरा असतो, पण एका रुग्णाला ‘बघा, फरक पडला’ म्हणून तो दाखवता येत नाही, आणि दाखवला तर ती आपलीच समजूत असते.

शिवाय ती चाचणी पहिल्यांदा उपचार घेणाऱ्यांवर झाली होती. देखभालीवरच्या रुग्णाचं पॉकेट हे आधीच एकदा साफ झालेलं पॉकेट असतं. तिथं औषध काय करतं, याचा वेगळा अभ्यास लागतो, आणि सुदैवानं तो झालेला आहे. २००८ साली स्वीडिश संशोधकांनी देखभालीवरच्या १२८ रुग्णांचा तीन वर्षांचा अभ्यास छापला. एका गटाच्या पाच मिलिमीटर किंवा त्याहून खोल पॉकेटांत दरवर्षी सफाईबरोबर डॉक्सिसायक्लिनचं जेल ठेवलं, दुसऱ्याची नुसती सफाई केली. पहिल्या तीन महिन्यांत जेलवाल्यांची आघाडी दिसली, पण ती पुढे टिकली नाही. तीन वर्षांच्या शेवटी दोन्ही गट एकाच ठिकाणी होते, पॉकेटांच्या खोलीतही आणि जंतूंच्या मोजणीतही. अमेरिकेत नेब्रास्का विद्यापीठातल्या मंडळींनी मिनोसायक्लिनची पूड दर सहा महिन्यांनी अशाच रुग्णांना देऊन दोन वर्षं पाहिलं. त्यांच्याकडेही दोन्ही गट सुधारले आणि जवळपास सारखेच सुधारले. देखभालीच्या बाबतीत मला निर्णायक वाटतात त्या याच चाचण्या. त्यांत औषध हरलं असं कुणी म्हणू नये. सफाईनं इतकं काम केलेलं असतं की औषधाला करायला फारसं उरतच नाही.

असं का होतं, याचं कारण जंतूंच्या राहणीत आहे. दातावरचे जंतू सुटे फिरत नाहीत. ते चिकट थर करून, एकमेकांना धरून राहतात, आणि त्या थरात औषध नीट शिरत नाही. थर खरवडून काढला तर औषधाशिवायही हिरडी सावरते. थर तसाच ठेवून वरून औषध घातलं, तर वरवरचे जंतू मरतात, खालचे राहतात, आणि औषध संपलं की पुन्हा वस्ती होते. म्हणून कुठल्याही जबाबदार मार्गदर्शक सूचनेत हे औषध सफाईच्या जोडीला सांगितलेलं असतं, सफाईऐवजी नाही. युरोपच्या हिरडीतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२० मध्ये दिलेल्या सूचनांतही भाषा ‘विचार करता येईल’ एवढीच आहे, आणि ती अशी सावध का आहे, ते वरच्या आकड्यांवरून कळतं. आणखी एक गंमत सांगण्यासारखी आहे. पूड ठेवल्यावर दहा दिवस त्या फटीत दोरा किंवा फटीतला ब्रश घालू नका, असं रुग्णाला सांगावं लागतं, नाहीतर औषध निघून येतं. म्हणजे फटींची रोजची सफाई करायची सवय मोठ्या मुश्किलीनं लावायची आणि नेमकं त्या हट्टी जागेलाच तिच्यातून सुट्टी द्यायची.

यावर मला सगळ्यात जास्त ऐकू येणारा आक्षेप असा: स्वीडनच्या गोष्टी स्वीडनला ठीक, सेनगाव किंवा औंढ्याच्या खेड्यातला माणूस दर तीन महिन्यांनी येणार आहे का? जो येणारच नाही त्याच्या पॉकेटात निदान औषध तरी ठेवून द्या. आक्षेप वास्तवाला धरून आहे. तीन महिन्यांनी या म्हटलं की ती तारीख कुठं पडेल हे इथलं पीक ठरवतं. जूनमध्ये पेरणी, सप्टेंबरच्या अखेरीपासून सोयाबीनची काढणी आणि मळणी, मग रब्बी, जानेवारीपासून हळदीची काढणी, ती शिजवणं, वाळवणं, पॉलिश करून वसमत किंवा हिंगोलीच्या बाजारात नेणं. मध्ये आषाढी. आणि जे ऊसतोडीला जातात ते दिवाळीनंतर उन्हाळ्यापर्यंत गावात नसतातच. त्यात ‘दात साफ केले की हलायला लागतात’ हा पक्का समज. (वर्षानुवर्षांच्या कीटणानं दात एकमेकांना बांधलेले असतात. ते काढलं की आधीच झालेलं नुकसान उघडं पडतं आणि बोल मात्र सफाईला लागतो.) पण हा आक्षेप नीट तपासला तर औषधाच्या बाजूनं काहीच निघत नाही. औषध टिकतं दोन आठवडे, गैरहजेरी असते सहा महिन्यांची किंवा वर्षाची. डॉक्सिसायक्लिनचा फायदा तर स्वीडनमध्ये, नियमित येणाऱ्या रुग्णांतही, तीन महिन्यांपलीकडे गेला नाही. मग जो येत नाही त्याच्यात तो वर्षभर कसा पुरेल? उलट एक धोका वाढतो. ‘औषध भरलंय’ म्हटलं की काम झालं असं माणूस समजतो आणि पुढची तारीख आणखी लांबवतो.

येत नाहीत हा काही फक्त आपल्याकडचा दोष नाही. अमेरिकेतल्या एका खासगी हिरडीतज्ज्ञाच्या दवाखान्यातले ९६१ रुग्ण तपासून १९८४ साली लेख छापून आला होता. देखभालीच्या तारखा पूर्ण पाळणारे त्यात १६ टक्के निघाले, आणि एक तृतीयांशाहून थोडे जास्त एकदाही परतले नव्हते. तिथं ना हळद होती ना ऊसतोड. दुसरीकडे, जे येत राहतात त्यांचं काय होतं, याचाही हिशेब आहे. १९७८ साली दोन अमेरिकन डेंटिस्टांनी सरासरी २२ वर्षं देखभालीवर असलेले ६०० रुग्ण पाहिले. त्यातल्या सुमारे ८३ टक्क्यांचे दात उत्तम टिकले होते, आणि तेव्हा पॉकेटात ठेवायची ही औषधं बाजारात आलेलीसुद्धा नव्हती. म्हणून माझा प्रयत्न औषधाऐवजी तारखेवर असतो. तीन महिन्यांचा नियम मी घड्याळासारखा लावत नाही. पेरणीआधी, सोयाबीन विकल्यावर आणि हळद काढायला लागण्याआधी अशा तीन भेटी ठरवल्या, तर त्या चार ठरवून एकही न होण्यापेक्षा खूप बऱ्या. बाजाराच्या दिवशी माणूस गावातून तसाही येतो, त्याच दिवशी त्याला वेळ देता येते. पॉकेटातल्या औषधावर जाणारे पैसे पुढच्या सफाईसाठी राखून ठेवा, असं मी सरळ सांगते. दवाखान्याच्या धंद्याला हे फार सोयीचं नाही, हेही कबूल आहे.

या भेटींचा आणखी एक उपयोग आहे, आणि माझ्या मते तोच सगळ्यात मोठा. औषध नेमकं कुठं ठेवायचं, हे एका भेटीत कळत नाही. प्रोब फिरवल्यावर हिरडीच्या कडेला रक्ताचा थेंब येतो, तो आम्ही तक्त्यावर नोंदवतो. पण एकदा रक्त आलं म्हणजे तिथं हाड झिजतंय असं नव्हे. स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या निक्लाउस लांग आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये दाखवलं की लागोपाठ चार भेटींत ज्या जागी प्रत्येक वेळी रक्त आलं, त्यातल्या सुमारे ३० टक्के जागांचा आधार पुढे घटला. चारही वेळा कोरड्या राहिलेल्या जागांत हे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास होतं. आता हे उलट बाजूनं वाचा. प्रत्येक वेळी रक्त येणाऱ्या जागांतल्याही बहुतेक जागा स्थिरच राहिल्या. मग पहिल्याच भेटीत रक्त दिसलं म्हणून दहा जागी औषध ठेवणारा डेंटिस्ट बहुतांश औषध अशा ठिकाणी ठेवतो, जिथं त्याची गरजच नव्हती. कोणती जागा खरोखर हट्टी आहे हे ओळखायचं तर तीन-चार भेटींच्या नोंदी समोर हव्यात. म्हणजे औषध भेटींची जागा घेऊ शकत नाही एवढंच नाही, भेटी नसतील तर औषधाचा पत्ताच सापडत नाही.

सरासरीमागे काही रुग्ण झाकले जातात, हा दुसरा आक्षेप जास्त जाणकारांकडून येतो, आणि तो मला पटतो. २००१ च्या चाचणीत धूम्रपान करणाऱ्यांचा वेगळा हिशेब केला तेव्हा औषधाचा फायदा थोडा मोठा दिसला. पण आपल्याकडचा तंबाखू वेगळा आहे. इथं चुना लावून गालात धरलेली गोळी आहे, बायकांची सकाळ-संध्याकाळची मिश्री आहे, आणि राज्यात २०१२ पासून बंदी असूनही गुटखा आहे. धुराचे निष्कर्ष या सगळ्यांना जसेच्या तसे लावता येत नाहीत. तंबाखू जिथं धरला जातो तिथली हिरडी खाली सरकते, मूळ उघडं पडतं. पॉकेट कित्येकदा उथळच असतं, मग औषध भरायचं कुठं? मधुमेहाचं तसंच. मधुमेह्यांत पायरिया लवकर बिघडतो म्हणून त्यांना औषध द्यावं, असं म्हणतात. पायरियाच्या उपचारानं साखर ताब्यात यायला मदत होते, हे खरं आहे. कोक्रेनच्या २०२२ च्या आढाव्यात तीन-चार महिन्यांनी एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या सरासरी साखरेचा आकडा, सरासरी ०.४३ टक्क्यानं उतरलेला दिसला. पण त्या उपचाराचा गाभा मुळांची सफाई हाच होता. मधुमेह्याला मी औषधापेक्षा जवळची तारीख देते.

जंतू औषधाला दाद देईनासे होतील या भीतीबद्दल मात्र मी औषधाची बाजू घेईन. एका जागी १ मिलिग्रॅम मिनोसायक्लिन, आणि पोटात घेतली तर डॉक्सिसायक्लिनची एकच कॅप्सूल १०० मिलिग्रॅमची. दात ठणकला की मेडिकलवरून चिठ्ठीशिवाय अॅमॉक्सिसिलिन आणि मेट्रोनिडाझोल आणायचं, दोन दिवस घ्यायचं, ठणका थांबला की उरलेल्या गोळ्या डब्यात ठेवायच्या, हा प्रकार या जिल्ह्यात जितकं नुकसान करतो त्याच्या पासंगालाही पॉकेटातली पूड पुरणार नाही. तरी टेट्रासायक्लिनची अॅलर्जी असणाऱ्यांना, गरोदर बायकांना आणि लहान मुलांना ती द्यायची नाही, हे आहेच.

आणि हळद? हळदीच्या जिल्ह्यात राहून तिच्याबद्दल न बोलणं शक्य नाही. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालंय. जखमेवर हळद लावण्याचं १९९५ साली दिलं गेलेलं अमेरिकन पेटंट रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखालच्या सीएसआयआरनं जुने ग्रंथ आणि १९५३ चा एक वैद्यकीय लेख पुढे ठेवून १९९७ मध्ये रद्द करून घेतलं, याचा अभिमान मलाही आहे. भारतातल्या डेंटल कॉलेजांत हळदीतल्या कर्क्युमिनचं जेल पॉकेटात ठेवून बरेच प्रबंध झालेत आणि पुष्कळांचे निकाल चांगले आहेत. पण या चाचण्या बहुतेक लहान आहेत आणि काही आठवड्यांत किंवा महिन्यांत संपतात. डॉक्सिसायक्लिनचं जेलसुद्धा पहिल्या तीन महिन्यांत पुढेच होतं, ते ढासळलं नंतर. परदेशी औषधाला जी कसोटी लावली तीच घरच्या हळदीला लावायला हवी. ती आपली आहे म्हणून सवलत नाही, आणि आजीच्या काळची आहे म्हणून टरही नाही. घरी बोटानं हळद-मीठ चोळणाऱ्यांना मी अडवत नाही, पण ते पाच मिलिमीटर खाली पोहोचत नाही, हे सांगते.

मग मी हे औषध वापरतच नाही का? वापरते. रुग्ण निदान तीन-चार भेटींपासून नियमित असेल, फटींची सफाई रोज करत असेल, बाकीचं तोंड शांत असेल आणि एक-दोनच जागा प्रत्येक वेळी रक्त देत असतील, तर तिथं पुन्हा नीट सफाई करून धागा ठेवते. वय झालेलं आहे, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत, हिरडी उघडून शस्त्रक्रिया करणं जोखमीचं आहे किंवा माणूस त्याला तयारच नाही, अशा वेळी हे औषध हाताशी असल्याचं बरं वाटतं. तिथंही तीन महिन्यांनी तीच जागा पुन्हा मोजायची आणि आकडा एका मिलिमीटरनं हलला म्हणून लगेच खूश व्हायचं नाही. दोनदा ठेवूनही रक्त थांबलं नाही तर तिसऱ्यांदा ठेवण्यात अर्थ नसतो. अशा ठिकाणी बहुधा मुळाच्या दुभाजकात कीटण अडकलेलं असतं, मुळाला चीर गेलेली असते किंवा कुठल्या तरी जुन्या कॅपची कड हिरडीत रुतलेली असते, आणि यातल्या कशालाच अँटिबायोटिकनं फरक पडत नाही. एक्स-रे काढायचा, कड घासून सारखी करायची, आणि तेवढ्यानं भागत नसेल तर, जिल्ह्यात दंत महाविद्यालय नसल्यामुळे, चिठ्ठी देऊन नांदेडला किंवा परभणीला पाठवायचं.